बंदुकीला विचारलं का?

माझा थोरला भाऊ गेला तेव्हा आमच्या गल्लीतली दुकानं अर्धा दिवस बंद होती. कुलूपवाला आला, शिंपी आला, वरच्या मजल्यावरचे मास्तर काठी टेकत आले. प्रत्येकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जवळजवळ एकच वाक्य ऐकवलं, की असा भाऊ मिळायला नशीब लागतं. मी मान हलवत राहिलो. अठरा वर्षांपूर्वी माझ्या चुकीने त्याची बायको गेली आणि त्याने ती चूक स्वतःवर घेतली, असं गल्लीचं मत होतं. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत माझंही तेच मत होतं.

दादा ठासणीच्या बंदुकांवर खडे बसवायचा. ठासणीची म्हणजे जुन्या तऱ्हेची, जिच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून गजाने ठासतात ती. आता अशा बंदुका बहुतेक भिंतीवर टांगायलाच असतात, पण मालक हौशी असला की वर्षाकाठी एखादा बार काढतोच. आमच्याकडे बंदूक यायची ती शृंगारासाठी. दस्त्यावर पिरोजाची वेल, घोड्याखालच्या पितळी पट्टीवर माणकं, गजाच्या डोक्यावर एखादं पोवळं. ज्या वस्तूने माणूस मरतो ती इतकी नटवायची कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. नवरदेवालाही नटवतातच की, असं वहिनी म्हणाली होती, आणि दादा दिवसभर हसत होता.

काम डोळ्यांचं आणि अंगठ्याचं. अक्रोडाच्या लाकडात खड्याएवढं घर कोरायचं, तळाशी लाख भरायची, तिच्यावर चांदीचा पातळ पत्रा ठेवायचा, म्हणजे खडा आतून उजळतो. मेण लावलेल्या काडीने खडा उचलून घरात सोडायचा, लाख उबेने मऊ झाली की अंगठ्याने दाबायचा आणि कडेने चांदीची तार ठोकून बसवायची. शेवटी डोळे मिटून वरून नख फिरवायचं. नख जरा जरी अडकलं, तरी दादा सगळं उपसून पुन्हा करायचा. असा हात मी दुसरा पाहिला नाही. त्याच्यावर मी कितीही चिडलेलो असलो, तरी हे खोटं सांगता येणार नाही.

त्याच्या स्वभावात एक खोड मात्र होती. त्याच्या हातून काही मोडलं, तर तो ते कबूल करायचा नाही. खडा तडकला की मुकाट्याने दुसरा आणून बसवायचा आणि विचारलं तर म्हणायचा, तो पहिल्यापासून असाच होता. घरात कपाचा कान तुटला तरी तेच. वहिनी त्याला छेडायची, "यांच्या हातून काही मोडत नाही हो भाऊजी, आपोआप कमी होतं." आम्ही दोघं हसायचो आणि दादा मान खाली घालून काम करत राहायचा.

लांबट खोली होती आमची, एकाच बाजूला खिडकी. खिडकीशी वहिनी बसायची, कारण खड्यांचे रंग निवडायला उजेड तिला सर्वांत जास्त लागायचा. मध्ये दादा. दाराशी मी, नळ्या घासायला आणि घोडे-चाप साफ करायला. बंदूक आली की आधी माझ्या हातात यायची, कारण तिला विचारायचं काम माझं होतं.

विचारायचं म्हणजे काय, ते सांगतो. ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून दिसत नाही. दहा-दहा वर्षांपूर्वी भरलेला बार आत तसाच बसलेला असतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून तिचाच गज तिच्या नळीत सोडायचा. रिकामी असेल तर गज तळाला टेकतो आणि त्याचं डोकं नळीच्या तोंडाशी सपाट येतं. भरलेली असेल तर तो तीन-चार बोटं वर राहतो. वडिलांपासून चालत आलेली ही रीत होती. दादा मान वर न करता विचारायचा, "विचारलं का?" मी म्हणायचो, "विचारलं, नाही म्हणते." एकदा मी हे म्हटलं की ती बंदूक कशीही फिरवायला मोकळी. नाहीतर तिचं तोंड कायम आतल्या भिंतीकडे.

त्या दिवशी आलेली बंदूक आमच्या ओळखीची होती. वर्षभरापूर्वी गजाच्या डोक्यावर पोवळं बसवायला येऊन गेली होती, आता दस्त्याच्या कामासाठी आली. वहिनी मला चिडवत होती. पुढच्या चौकात खड्यांचं दुकान होतं, त्या खडेवाल्याच्या मुलीकडे मी हल्ली गरज नसताना फेऱ्या मारतो, एका पिरोजासाठी तीन खेपा करतो, असं तिचं चाललं होतं. तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. मी हसत हसत गज सोडला, पाहिला, काढला. दादाने विचारलं. मी नाही म्हणते म्हणालो.

घोड्याखालची पट्टी गरम करायची होती. डाव्या अंगाला उजेड हवा म्हणून दादाने बंदूक फिरवली, तिचं तोंड खिडकीकडे आलं, त्याने निखारा धरला आणि फुंकणीने फुंकर घातली. एक ठिणगी बंदुकीच्या कानात गेली. कान म्हणजे दारूला आग पोचायचं भोक. आवाज मोठा झाला, पण मला तो आठवत नाही. वहिनी खिडकीखाली आडवी झाली होती आणि तिच्या मांडीवरचे पिरोजे खोलीभर पसरले होते, एवढं आठवतं. गोळी गळ्याखाली लागली होती. दादा तिला हाका मारत होता आणि मी दाराशी उभा होतो. तिला उचलायला मी पुढे झालो नाही. ते मला अजूनही खातं.

चौकशीला अंमलदार आला. मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "याचा काही संबंध नाही. चूक माझी आहे." अंमलदाराने ते लिहून घेतलं, अपघात म्हणून नोंद केली आणि बंदूक, गज, सगळं घेऊन गेला. पण आमच्या घरात बंदुकीला विचारतो कोण, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आठवड्याभरात दादाचा देवमाणूस झाला आणि मला पाहून बायका पोरांना जवळ ओढू लागल्या.

मला तर गजाचं डोकं सपाट दिसलेलं आठवत होतं. अगदी स्पष्ट. पण समोर मढं पडलेलं असताना स्वतःच्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवणार? गज वर राहिला असणार आणि थट्टेच्या नादात मी तो पाहिला नसणार, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. नंतर नंतर मला तो वर राहिलेलाच दिसायला लागला.

मग मी दादाचा झालो. स्वयंपाक मी, धुणं मी, त्याच्या पाठीला तेल मी. तो मला कधी टाकून बोलला नाही, एक शब्दही नाही, आणि त्यामुळे तर मी अधिकच मेल्याहून मेल्यासारखा व्हायचो. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बंदुकीला विचारताना मी आता गज दोनदा सोडायचो, अंगठ्याने खूण धरायचो आणि नळीला बाहेरून लावून तो कानापर्यंत पोचतो का ते पाहायचो. ही खरी पक्की रीत. ती आमच्या घराला एका बाईच्या जिवानंतर सुचली.

खडेवाल्याच्या मुलीने वर्षभराने मला सरळ विचारलं. ती आडपडदा ठेवणारी नव्हती. मी म्हटलं, दादाला कोण बघणार? ती बरं म्हणाली. आणखी वर्षाने तिने पुन्हा विचारलं. त्या वेळी मी घरी येऊन दादापाशी विषय काढला. मी लग्न केलं तर चालेल का, तुझं मी करीनच, दोघं मिळून करू. दादाने हातातली छिन्नी खाली ठेवली. वहिनीच्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुला विसरता येत असेल, तर कर."

मी तिच्याकडे उत्तर द्यायला गेलोच नाही. पुढे तिने एका घड्याळजीशी लग्न केलं, वडिलांनंतर दुकान सांभाळलं. खडे आणायला मला तिच्याकडेच जावं लागायचं. ती मोजकं बोलायची, पण खडे मात्र निवडून द्यायची.

गेल्या वर्षी दादाची दृष्टी जवळजवळ गेली, आणि मागोमाग पोटात गाठ निघाली. तरी तो कामाच्या खोलीतच बसून असायचा. एका दुपारी एक बंदूक आली होती. मी गज सोडला, काढला, पुन्हा सोडला, नळीला बाहेरून लावून पाहिला. गज नळीवर घासल्याचा आवाज त्याच्या कानावर रोज पडत होता. त्या दिवशी त्याला तो सोसला नाही.

"धाकट्या, पुरे," तो म्हणाला. "त्या दिवशी तू नीटच विचारलं होतंस."

मला वाटलं, तापात बरळतोय.

"गज आखूड होता. मी कापला होता."

मग त्याने सगळं सांगितलं, एकेक शब्द हुडकत. आदल्या वर्षी पोवळ्यासाठी भोक पाडताना गजाचं डोकं चिरलं होतं आणि पोवळंही फुटलं होतं. मी त्या वेळी बाहेर गेलो होतो. त्याने चिरलेलं टोक तीन बोटं कापून टाकलं, नवीन पोवळं आणून बसवलं, पॉलिश मारलं आणि मालकाला, मला, वहिनीला, कुणालाही सांगितलं नाही. पुढे मालकाने घरात चोरीची भीती म्हणून बंदूक भरून ठेवली. आखूड गज भरलेल्या नळीत अगदी तोंडाशी सपाट आला. मी पाहिलं ते बरोबर पाहिलं होतं. आवाज झाला त्याच क्षणी दादाला हे कळलं होतं.

"अंमलदाराला खरं सांगितलंस," मी म्हणालो. "मग मला का नाही?"

"तू गेला असतास." तो म्हणाला, "ती गेलीच होती."

मला त्याचा गळा दाबावासा वाटला. मी हे मोठेपणाने सांगत नाही, खरंच वाटला. जगाला खरं सांगून त्याने जगाकडून ते खोटं ठरवून घेतलं होतं, आणि त्या मोठेपणाखाली मला अठरा वर्षं घरात राबवलं होतं. माझा कापलेला गज करून ठेवला होता त्याने. मी बाहेर गेलो, चौकापर्यंत चालत गेलो. जायचं कुठे ते सुचेना. एकोणपन्नास वर्षांचा बाप्या, रस्त्यात उभा राहून रडलो. मग परत आलो, कारण त्याला औषध द्यायचं होतं आणि ते दुसरं कुणी देणार नव्हतं.

त्यानंतर तो आठ महिने जगला. मी सगळं केलं, पण बोललो नाही. दोन-तीनदा तो म्हणाला, "काहीतरी बोल रे." मी त्याचं तोंड पुसलं, उशी सारखी केली. माफी माझ्याजवळ नव्हती, तर कुठून आणून देणार? शेवटच्या दिवशी त्याने काही म्हटलंच नाही.

त्याला पोचवून आल्यावर कुलूपवाल्यापाशी मी खरं काय ते बोलून गेलो. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की थोरला गेला आणि धाकट्याची जीभ सुटली, मेलेल्या माणसावर ढकलतोय. शिंप्याने त्या दिवसापासून माझ्याकडे पाहणं सोडलं. ज्याला त्यांनी अठरा वर्षं देव मानलं त्याला ते माझ्या एका वाक्यावर खाली उतरवतील, अशी आशा धरणारा मीच मूर्ख.

पाचव्या दिवशी मी खड्यांच्या दुकानात गेलो. एका माणसाने तरी खरं मानावं, एवढंच मला हवं होतं. ती एकटीच होती, चाळणीत पोवळी घोळत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गज, कापलेली तीन बोटं, दादाने दिलेलं कारण. तिने मध्ये एकदाही काही विचारलं नाही. तिला नवल वाटल्याचंही मला दिसलं नाही. माझं बोलणं संपल्यावर तिने चाळणी बाजूला ठेवली.

"दुसरं पोवळं घ्यायला ते माझ्याकडेच आले होते," ती म्हणाली. "गज चिरला, कापावा लागला, कुणाला सांगू नको म्हणाले. वहिनी गेल्या त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं."

मी म्हटलं, "मग तू मला बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. भाऊ भावाला सांगणार नाही, असं कसं मनात येईल?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "सगळं ठाऊक असून तुम्ही त्यांना सोडत नाही, असंच मी धरून चालले. एवढी माया असलेल्या माणसाला तोडायचं कसं? म्हणून तर तिसऱ्यांदा विचारलं नाही मी."