बॅरिस्टर मकरंदसारखं दुसरं

महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मलकापूरला स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक वाचनालय होतं आणि शालूबाई तिथं पुस्तकं देण्या-घेण्याचं काम बघायच्या. मूळच्या चिखलीकडच्या, मॅट्रिक झालेल्या. नवरा तहसिलीत कारकून. त्यांना स्वतःला प्रवासवर्णनं आवडायची. गावात ती दुसरं कोणी नेत नसे, याचा त्यांना मनातून राग होता.

गावाला वेड होतं ते बॅरिस्टर मकरंदचं. दर महिन्याला त्याचं नवं पुस्तक यायचं. मकरंद खुनी पकडायचा, सुटाबुटात फिरायचा आणि शेवटच्या पानावर सगळ्यांना एका खोलीत बसवून खून कोणी केला ते सांगायचा. पोस्टाचं पार्सल यायच्या आधी माणसं दारात हजर. पण एका दिवाळीला लेखकानं मालिकाच बंद केली. मकरंद विलायतेच्या बोटीत बसला आणि गेला तो गेलाच.

सगळ्यात जास्त हाल झाले अर्जुनरावांचे. कापसाची दलाली करणारा हा धिप्पाड, मोठ्या आवाजाचा माणूस. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी न चुकता यायचा आणि टेबलावर दोन्ही हात टेकवून म्हणायचा, "बाई, मकरंदसारखं दुसरं काई द्या ना."

शालूबाईंनी पहिल्यांदा आनंदानं शोधून दिलं. दुसऱ्या एका लेखकाचा गुप्तहेर होता, तोही हुशार, तोही मुंबईचा. आठवड्यानं अर्जुनरावांनी पुस्तक टेबलावर आपटलं. "हा लय शायना हाये. समोरच्याले बोलूच देत नाई."

मग त्यांनी एक पोलीस इन्स्पेक्टर दिला. तोही परत आला. "याच्यात निसती मारामारी हाये. वाचता वाचता माह्या हाताले घाम सुटला."

"रहस्यकथा म्हटल्यावर मारामारी असणारच ना, अर्जुनराव."

"मकरंदात कुठं होती?"

"होती की! प्रत्येक पुस्तकात होती."

"असन. पन अशी नोहती."

तिसऱ्या खेपेला त्यांनी एक जाडजूड भाषांतर दिलं. अर्जुनराव ते घेऊन आले ते चेहरा पाडून. "बाई, याच्यातले लोक जेवतच नाईत हो. चारशे पानं झाली, कोनी पोळी मोडली नाई."

शालूबाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. एरवी वाचनालयात त्या पुस्तकी बोलत, पण संताप आला की घरची बोली तोंडात यायची. "तुमाले पाह्यजे तरी काय? तेवढं एकदा सांगून टाका मले!"

"मकरंदसारखं," अर्जुनराव हिरमुसून म्हणाले. "अजून काय सांगू?"

त्या संध्याकाळी शालूबाई चिडूनच मकरंदची दोन पुस्तकं घरी घेऊन गेल्या. इतकी वर्षं दिली-घेतली, पण एकही वाचलं नव्हतं. स्वयंपाक उरकून बसल्या. खुनी कोण ते त्यांना चौथ्या प्रकरणातच कळलं आणि बॅरिस्टरला शेवटपर्यंत कळेना, म्हणून आणखी चिडचिड झाली. पण मध्येमध्ये मकरंदची तारावहिनी यायची. हा चिखलाचे बूट घालून घरात शिरला की ती ओरडायची. ताट वाढून ठेवायची, हा यायचा नाही, ती रुसायची. मोठा भाऊ दोघांच्या मध्ये सापडायचा. दोन्ही पुस्तकांत शालूबाईंनी भराभर पानं उलटली ती फक्त खुनाची.

पुढच्या खेपेला त्यांनी अर्जुनरावांना विचारलं, "लाल बंगल्याच्या पुस्तकात खून कोणी केला होता?"

अर्जुनरावांनी डोकं खाजवलं. "डॉक्टरनं... नाई, माळ्यानं. कोनीतरी केलता."

"आणि तारावहिनीनं त्या रात्री काय केलं होतं?"

"भरल्या वांग्याची भाजी!" अर्जुनराव ताबडतोब म्हणाले. "अन् हा गेला हॉटेलात. मंग ते मोलकरनीले देऊन टाकली. बरोबरच केलं तिनं."

शालूबाई उठल्या, त्यांनी बायकांच्या कपाटातून एक कादंबरी काढून आणली. एका घरातल्या तीन सुनांची गोष्ट, चार भागांत. अर्जुनरावांनी मुखपृष्ठावरची डोक्यावर पदर घेतलेली बाई पाहिली आणि ते एक पाऊल मागं सरकले.

"हे बायकाचं हाये, बाई. लोक हासतीन मले."

शालूबाईंनी वाद घातला नाही. खाकी कागदाचं कव्हर चढवलं आणि पुस्तक पुढं ढकललं. अर्जुनरावांनी इकडंतिकडं पाहून ते कोटाच्या आत सरकवलं.

चारच दिवसांत ते दुसरा भाग मागायला आले. शालूबाईंना वाटलं, सुटले एकदाची. पण अर्जुनरावांच्या पोटात काही राहत नसे. त्यांनी जिनिंग कारखान्यातल्या मंडळींना सांगितलं, मंडळी एकेक करून आली, आणि प्रत्येकाला खाकी कव्हर हवं होतं. महिन्याभरात बायकांचं कपाट निम्मं रिकामं झालं.

एका दुपारी कोकिळा आली. रेल्वेतल्या एका गार्डाची बायको, वाचनालयाची सगळ्यात जुनी वाचक. कपाटासमोर उभी राहून तिनं कमरेवर हात ठेवले. "शालूबाई, आमचे पुस्तकं कुठं गेले? तिसऱ्या भागासाठी मी महिन्यापासून वाट पाहून राह्यले."

"बाहेर गेलाय वाचायला."

"कोनाकडं?"

तेवढ्यात अर्जुनराव दारात आले. हातात खाकी कव्हर. कोकिळेनं पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं, उघडलं. आत तिसरा भाग! ती त्यांच्याकडं बघतच राहिली. "भाऊ? तुमी?"

अर्जुनराव लाजतील असं शालूबाईंना वाटलं. ते लाजले नाहीत. तेच पुस्तक वाचणारं माणूस समोर दिसल्यावर त्यांचा चेहराच उजळला. "वैनी, तुमी सांगा, मधल्या सुनेनं घर सोडलं ते बरोबर केलं का? मी म्हनतो, सासूचंबी थोडं ऐकाले पाह्यजे होतं."

"सासूचं? त्या सासूचं?" कोकिळेचा आवाज चढला. "आयुष्यभर तिचंच तर ऐकलं तिनं!"

"अवो, पन सासूच्या मनात काई वाईट नोहतं. म्हनून तर ते सून शेवटी परत—"

वर्तमानपत्र वाचणाऱ्या दोघांनी माना वर केल्या.

"परत येते?" कोकिळा म्हणाली. "तुमी या भागाचा शेवट सांगून टाकला मले?"

अर्जुनरावांनी तोंडावर हात ठेवला. शालूबाईंनी कपाळाला हात लावला. इतके दिवस या माणसाच्या मागं डोकं फोडलं, त्याला एकदाचं हवं ते मिळालं, आणि आता सगळ्यात चांगल्या वाचक बाईला दुसरं काय द्यायचं, हा प्रश्न उभा राहिला. "थांब, कोकिळा," त्या थकून म्हणाल्या, "तुला याच्यासारखंच दुसरं बघते."

"दुसरं काहाले?" कोकिळेनं पुस्तक पदराखाली घट्ट धरलं. "हेच नेते. येते ते समजलं. काऊन, कशापायी येते ते कुठं समजलं?"

"ते त्याचं असं झालं, वैनी—" अर्जुनरावांनी तोंडावरचा हात काढला.

"अर्जुनराव," शालूबाई उभ्या राहिल्या, "एक अक्षर बोललात तर चौथा भाग तुमाले जन्मात मिळनार नाई."

अर्जुनराव मुकाट्यानं बाकावर बसले. कोकिळा गेली, तरी ते दाराकडंच बघत होते, काही तरी सांगायचं राहून गेल्यासारखे. शेवटी शालूबाईंनीच कपाटातून चौथा भाग काढला, कव्हर न चढवता त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पुन्हा आपल्या कामाला लागल्या.