बोनेटवरचा पेला

कवडू मिस्त्री इंजिनाला हात लावण्याआधी ते ऐकत असे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाशी, डोळे मिटलेले. मग तो बिघाड सांगे आणि तो खरा निघे. काटोल नाक्याजवळच्या त्याच्या टिनाच्या शेडपुढे ट्रॅक्टर उभे राहत ते या कानांच्या भरवशावर.

शहात्तर सालच्या फेब्रुवारीत मात्र त्यानं संत्र्याच्या बागेवाल्या दादाजींचा जुना ट्रॅक्टर 'ठीक आहे' म्हणून परत पाठवला आणि दुसऱ्याच सकाळी तो पुन्हा दारात आला.

"रेस सोडली का लंगडून राहिला हा!" दादाजींनी बसल्या जागेवरूनच तीन-चार शिव्या हासडल्या. "उद्या संत्र्याची ट्रॉली काटोलच्या मंडईत न्या लागते. नसन जमत त सांग गा, मी मोठ्या वर्कशॉपात नेतो."

कवडूनं स्क्रू ड्रायव्हर कानाशी नेला. नुसती घरघर, पाण्याखालून यावी तशी. अडखळणं कुठेच नाही. गेल्या पावसाळ्यापासून जे तो स्वतःपासूनही लपवत होता, ते आता समोर उभं होतं. ट्रॅक्टर असाच परत गेला, तर सांजेपर्यंत नाक्याभर बोभाटा होणार होता.

"दुपारपर्यंत थांबा जी," तो म्हणाला.

त्याची बायको शोभा दादाजींसाठी पाणी घेऊन आली. पदर खोचायला तिनं पेला बोनेटवर टेकवला आणि कवडूची नजर तिथेच खिळली. पाणी एकसारखं थरथरत नव्हतं. राहून राहून उचकी लागल्यासारखं उसळत होतं.

"उचलू नको वं!"

"काहून जी? पाहुण्याचं पाणी हाय ते."

"त्याहिले दुसरं आण. हे माहं हाय."

इंजिनाला चार सिलिंडर, प्रत्येकाला डिझेलची एक नळी. कवडूनं चालू इंजिनातच पहिल्या नळीचा नट ढिला करून तिचं डिझेल तोडलं. इंजिन आणखी हादरलं, पाणी पेल्याबाहेर उडालं. म्हणजे हा सिलिंडर कामाचा. नट आवळला. दुसरीचंही तसंच. तिसरी ढिली केली. डिझेल झिरपलं, पण पाण्याची उचकी होती तशीच राहिली. जो सिलिंडर कामच करत नव्हता, त्याचं डिझेल तोडून काय फरक पडणार? तरी त्यानं चौथीही तपासली. आता तो अंदाजानं काहीच ठरवणार नव्हता.

तिसऱ्याचं नोजल काढून त्यानं नळीला बाहेरच जोडलं, इंजिन फिरवलं. धुक्यासारखा फवारा उडायला हवा होता. तान्ह्या पोरासारखी लाळ गळत होती. त्यानं काजळी खरवडली, नोजल धुतलं, फिरवून पाहिलं. लाळच. पुन्हा उघडलं, पुन्हा धुतलं. दादाजींनी दोनदा उन्हाकडे पाहिलं. कवडूनं मान वर केली नाही. चौथ्या खेपेला धुकं उडालं.

नोजल बसवून त्यानं रेस सोडली. पेल्यात बारीक, एकसारखी वलयं उमटत राहिली.

"हे कालच काहून नाही केलं गा?"

नोजल आजच बिघडलं, असं म्हणता आलं असतं. कवडूनं हात पुसले.

"काल मले आयकूच नाही आलं, दादाजी. कान चालले माहे."

दादाजींनी त्याच्या कानांकडे पाहिलं. "म्हणजे सकाळच्या माह्या शिव्याही नाही आयकू आल्या?"

"त्या आल्या जी."

दादाजी मान हलवत ट्रॅक्टरवर चढले. महिन्याभरानं ते आपल्या साळ्याचा ट्रॅक्टर घेऊन आले. खाली उतरायच्या आधीच त्यांनी हाक दिली,

"शोभाबाई, पाणी आणा! प्याले नाही, बोनेटवर ठेवाले."