मशीन खोटी निघावी म्हणून

"एवढ्या दमात ऑपरेशन झेपणार नाही," नागपूरच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी त्यांच्याकडे नाही, दम मोजायच्या मशीनकडे पाहिलं. असा राग आला की तिला लाथ घालावी.

टीबी माझ्या नवऱ्याला होता. नवेगाव बांधाजवळच्या आमच्या गावात त्याला क्षय म्हणत आणि पुढे कोणी काही बोलत नसे. धान कापताना यांच्या खोकल्यातून रक्त पडलं. आधी वैद्य झाला, मग गोंदियाहून गाडीने नागपूर. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं झाली, ताप उतरला, पण एक फुप्फुस सडकंच राहिलं. थोराकोप्लास्टी करू, म्हणजे फासळ्या काढून ती बाजू कायमची दाबून टाकू, असं डॉक्टरांनी ठरवलं. दुसरा इलाज उरला नव्हता.

पण ते सोसण्याइतका दम आहे का, हे स्पायरोमीटर सांगणार होतं. त्यात पाण्यावर एक डबा उपडा तरंगतो. नळीत फुंकलं की डबा वर येतो आणि काटा आकडा दाखवतो. यांनी तीनदा फुंकलं. काटा तीन ठिकाणी थांबला, आणि तिन्ही वेळा कमीच.

"मशीनच खोटी आहे जी," मी म्हटलं. "एकाच माणसाचा दम घडीघडी काऊन बदलते?"

मला वाटलं, आता हाकलतील. डॉक्टर म्हणाले, "बरोबर विचारता, बाई. तपासू."

त्यांनी स्वतः फुंकून पाहिलं. त्यांचाही आकडा दर वेळी वेगळा. खरं सांगते, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. रबरी नळी जोडाशी तडकली होती, तिथून हवा जात होती. नवी नळी लावली. मग मापाची एक बाटली जोडली. तिच्यात पाणी ओतलं की तेवढीच हवा डब्यात जाई. कितीदाही नव्याने ओतलं तरी काटा त्याच रेघेवर.

"आता मशीन खरं बोलते," डॉक्टर म्हणाले.

यांनी पुन्हा फुंकलं. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. काटा आधीपेक्षा थोडा वर गेला आणि पाहिजे त्या आकड्याच्या खालीच थांबला. पुन्हा तिथंच. पुन्हा तिथंच. "अजून एकदा जी," मी डॉक्टरांचे पाय धरले. यांनीच नळी बाजूला सारली.

"आता नाही होत. घरी चाल."

व्हरांड्यात मी मोठ्याने रडले. लोक पाहून राहिले होते, तर पाहू दे.

तुमच्या घरावर अशी वेळ आली तर मशीन तपासून मागा, लाजू नका. त्या डॉक्टरांचे उपकार मी मानते. त्यांनी तपासलं नसतं तर जन्मभर त्या मशीनला शिव्या देत बसले असते.

घरी आल्यावर यांना बोलायलाही दम पुरेना. आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही; मला नावाने हाक मारत ती फक्त माहेरची माणसं. हे मला लेकीच्या नावाने, 'शांतीची माय' अशी हाक मारत. तेवढं लांब आता तोंडातून निघेना. एका सकाळी पाणी पाहिजे होतं, तर नुसतं "जने" म्हणाले. मी चुलीपुढून उठलेच नाही. मला वाटलं, माहेरचं कोणी आलं.