चिकटपट्टीखालचा दिवा

तिला सगळे डासबाई म्हणायचे, अगदी तोंडावर. तिला कधी राग आला नाही. उलट बेल वाजवल्यावर आतून "कोण?" आलं की तीच खणखणीत आवाजात सांगायची, "मी डासबाई!" आता असं नाव ऐकल्यावर दार उघडल्यावाचून कोण राहील? उघडायचंच.

तिचं काम असं होतं, की डास मारायच्या आणि पळवायच्या वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांना लोकांच्या घरात खरं काय चालतं ते हवं असतं. कॉइल कोण लावतं, मलम कोण चोळतं, लिक्विडचं मशीन कुणाकडे आहे, त्याची बाटली किती दिवस पुरते. हे विचारायचं कंत्राट एका दोन खोल्यांच्या ऑफिसकडे होतं आणि त्या ऑफिसची सगळी पायपीट हिच्याकडे. बावीस वर्षं! जिने चढून चढून गुडघ्यांची पार वाट लागली, पण बाईचं तोंड आणि बाईची पेन्सिल काही थांबली नाही.

आणि तिची एक खोड होती. फॉर्म भरून झाला की पेन्सिल कानावर खोचून म्हणायची, "आता दाखवा बरं." लोकांनी सांगितलेलं असायचं, मशीन रोज लावतो, तर मशीनवर बोटभर धूळ. सांगितलेलं असायचं, छे, कॉइलचा धूर आम्हाला सोसतच नाही. आणि पलंगाखाली राखेने भरलेली बशी. ती कुणाला तोंडावर खोटं पाडायची नाही. दिसलं ते फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर लिहायची आणि पाणी पिऊन निघायची. "माणसं खोटं बोलत नाहीत हो," असं तिचं म्हणणं. "पाहुणा यायचा म्हणून घर आवरतात ना, तसं उत्तर आवरतात." अशी समजूत भल्याभल्या शिकलेल्यांना नसते.

त्या वर्षी ऑफिसच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने, म्हणजे एका कंपनीने, नवं मशीन बाजारात आणलं. पहिला महिना हातोहात खपलं. दुसऱ्या महिन्यात लोक पुन्हा कॉइलकडे वळले. का, ते कुणाला कळेना. ऑफिसचे साहेब तिच्या भाच्याच्या वयाचे. त्यांनी तिला समोर बसवलं.

"मावशी, दहा दिवसांत दोनशे घरं. नाही झाली तर कंत्राट फोनवरून विचारणाऱ्यांकडे जाणार. मग ना हे ऑफिस, ना तुमचं काम."

"करते की."

"आणि ते आत जाऊन बघणं बंद. बारा प्रश्न, बारा उत्तरं, पुढचं दार!"

नवऱ्याची कंबर धरल्यापासून घरात कमावणारी ती एकटी होती. तेव्हा तिने मान हलवली आणि दोन दिवस अगदी शहाण्या मुलीसारखी वागली. चाळीस घरं झाली. "गुण येतो का?" "नाही." "पुन्हा घ्याल का?" "नाही." चाळीस वेळा तेच. नाही, पण का नाही, हे काही फॉर्म विचारत नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर एका तरुण बाईने दार उघडलं. खांद्यावर सहा महिन्यांचं बाळ, आणि त्याच्या गालांवर लाल लाल गांध्या. "शुद्ध फसवणूक आहे तुमचं मशीन!" ती कडाडली. बारा उत्तरं चार मिनिटांत झाली. डासबाई वळली, जिन्याची एक पायरी उतरली, आणि मागे बाळाने गाल खाजवत रडायला सुरुवात केली. झालं. बाईच्या तोंडून निसटलंच, "आता दाखवा बरं."

मशीन पाळण्याशेजारी भिंतीवर होतं. त्यावर जखमेला लावतात ती चिकटपट्टी होती, व्यवस्थित चारी कोपरे दाबून लावलेली.

"हे काय?"

"लाल दिवा आहे ना त्याला. बाळाच्या डोळ्यांवर येतो. झोपतच नाही मग."

डासबाईने मशीनवर तळहात धरला. काही नाही. तिने पट्टी सोलली. दिव्याला अगदी खेटून वाफ बाहेर यायची भोकं होती. पट्टीने दोन्ही झाकलं गेलं होतं. थोड्या वेळाने तळहाताला ऊब लागली, औषधाचा वासही आला. आईच्या ते लक्षात आलं आणि तिचा चेहराच उतरला.

"म्हणजे मीच... माझ्याच हाताने..."

"अगं, वेडी की काय तू!" डासबाईने बाळ स्वतःकडे घेतलं. "तुझी काहीएक चूक नाही. ज्याने दिवा तिथे बसवला त्याची चूक. हे मी तुला लिहून देते."

बाहेर येऊन ती जिन्यात बसली. एकेका घरात आत जायचं म्हणजे अर्धा तास. असं केलं तर दोनशे होत नाहीत, हे कळायला काही मोठं गणित लागत नाही. नवऱ्याची औषधं, घराचं भाडं, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. भीती वाटली, चांगलीच वाटली. मग ती उठली, आणि पुढच्या दाराकडे जायचं सोडून आधीच्या चाळीस घरांकडे परत निघाली! 

"परवाच तर येऊन गेलात?"

"बघायचं राहिलं होतं."

कुठे काळी टेप, कुठे नखांना लावायचा रंग, एका घरी तर आजोबांनी मशीनला चक्क आपला मोजा घातलेला.

दहाव्या दिवशी कंपनीचे मोठे साहेब टाय लावून हजर होते. डासबाईने टेबलावर एकसष्ट फॉर्म ठेवले. ऑफिसच्या साहेबांचा चेहरा आंबट झाला. "मावशी, दोनशे म्हटलं होतं!"

"दोनशे आवरलेली उत्तरं आणली असती, साहेब. ही एकसष्ट बघितलेली आहेत. अडतीस घरांत मशीन झाकलेलं आहे." आणि पिशवीतून तिने लोकांकडून मागून आणलेली सहा मशीनं काढून मांडली, मोज्यासकट.

टायवाल्यांनी नाक मुरडलं. "हा तर गिऱ्हाइकांचा निष्काळजीपणा. झाकू नये असं माहितीपत्रकात छापलंय."

बावीस वर्षांत त्या ऑफिसात तिने आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "लेकराच्या डोळ्यांवर दिवा येतोय म्हटल्यावर आई कागद वाचत बसेल, की दिवा झाकेल? चूक तिची नाही, असं मी तिला शब्द देऊन आलेय. माझं काम जायचं तर जाऊ दे, पण मला तिच्यापुढे खोटी पाडू नका!"

टायवाल्यांनी मोज्यातलं मशीन उचललं, भिंतीतल्या प्लगमध्ये लावलं, वर तळहात धरला. बराच वेळ धरला, तरी ऊब काही लागेना. मग हळूच विचारलं, "हे कितव्या प्रश्नात कळलं?"

"कुठल्याच प्रश्नात नाही."

कंत्राट राहिलं. ऑफिसही राहिलं. फॉर्मवर तेरावा प्रश्न आला, 'मशीन स्वतः पाहिले का?', आणि त्याखाली चार कोऱ्या ओळी. 

चार महिन्यांनी नव्या मशीनची पाहणी करायला ती त्याच तिसऱ्या मजल्यावर गेली. दिवा आता खाली, भोकांपासून लांब गेला होता. बाळ रांगत दारापर्यंत आलं. गाल लोण्यासारखे नितळ. 

"मशीन एकदम झकास," आई म्हणाली. "फक्त... नाही, काही नाही. छानच आहे."

डासबाईने पेन्सिल कानावर खोचली. "आता दाखवा बरं."

आई हसू दाबत तिला आत घेऊन गेली. भिंतीत जमिनीलगत लावलेल्या मशीनपुढे एक बादली उपडी घातलेली होती. खालचा दिवा दिसला की बाळ त्याच्याकडे धाव घ्यायचं, म्हणून हा आडोसा! डासबाईने कपाळावर हात मारला आणि ती खो खो हसत सुटली.

"पण ताई," आई घाईघाईने म्हणाली, "भोकं मोकळी ठेवलीत हं मी. बघा ना, हात धरून बघा."

डासबाईने तळहात धरला. ऊब होती. डोळे पुसत ती दुखऱ्या गुडघ्यांनिशी तिथेच जमिनीवर बसली, आणि तेराव्या प्रश्नाखाली लिहू लागली.