पत्र्यांच्या कुंपणाआड

नोकरीतली कितीतरी प्रकरणे विसरलो, पण बारामतीच्या जुन्या पेठेतल्या पत्र्यांच्या कुंपणाआडचे प्रकरण विसरता येत नाही.

तिथली दुकानांची ओळ नव्या इमारतीसाठी पाडली होती. भोवती पत्र्यांचे कुंपण घातले, तळघराचा खड्डा खणला आणि काम बंद पडले. काही वर्षांत खड्ड्यात पाणी साचले, कडेने वेड्या बाभळी माजल्या. कुंपणाला लागून एकच गाळा उभा होता, एका म्हाताऱ्या घोंगडीविक्रेत्याचा. नव्या इमारतीत जागा मिळेल हे लिहून दिल्याशिवाय तो हलणार नव्हता. गाळा सोडण्यासाठी धमक्या येतात म्हणून तो तीनदा ठाण्यात आला. तिन्ही वेळा मी अदखलपात्र नोंद केली आणि सांगितले, "तात्या, ही दिवाणी बाब आहे. कोर्टात जा."

तो गेला. कोर्टाने जागेच्या पाहणीसाठी कमिशनर नेमला.

पाहणीच्या आदल्या दिवशी सकाळी त्याची मुलगी अंथुर्ण्याहून धावत आली. "साहेब, दोन दिस तात्या फोन उचलंनात. उद्या गाळा बंद दिसला तर म्हणतील, हितं कुणी ऱ्हातच न्हाय."

गाळ्याला कुलूप होते. प्लॉटचा राखणदार म्हणाला, "तात्या गावाला गेलं. आत तर कुत्रं बी फिरकत न्हाय."

आम्ही पत्र्यांच्या आत शिरलो. माझी नजर खड्ड्यातल्या हिरव्या पाण्यावरून हलेना. मुलगीही तिकडेच बघत होती. माझा हवालदार उजनी धरणाकाठच्या पळसदेवचा. तो काठावर उकिडवा बसला. पाण्यावर रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगत होत्या.

"साहेब, खाली जाळं हाय. कुणीतरी हितं मासं पाळल्यात. ह्या उन्हात जाळ्यातला मासा दुपारपत्तुर नासतो. मालक येणारच."

म्हणजे राखणदार खोटे बोलत होता. त्याला जबाबासाठी ठाण्यात पाठवले, गाडी हलवली आणि बाभळींमागे थांबलो. अकराच्या सुमारास सरकलेल्या पत्र्यातून एक माणूस टोपली घेऊन आत शिरला. हवालदाराने त्याचे मनगट धरले.

"काय पाव्हणं, उजनी कमी पडली व्हय?"

"मासं घ्या साहेब, पर जाळं सोडा!"

"मासे तुझेच. गाळ्यातले तात्या कुठे आहेत?"

"म्या काय बघितलं न्हाय."

दोनदा विचारले, दोनदा तेच उत्तर. मग मुलगी पुढे आली. "दादा, माझा बाप हाय त्यो."

त्याने मान खाली घातली. "राखणदार तिकडं सिमेंट ठेवायच्या खोलीत डबा नेतोय. भाईर आला की कुलूप घालतोय."

आम्ही कुलूप तोडले. दगड झालेल्या सिमेंटच्या पोत्यांवर म्हातारा बसला होता. ओठ फुटलेले, पण शुद्धीवर. मुलीला जवळ घेत त्याने माझ्याकडे पाहिले.

"या साहेब. ह्ये बी दिवाणीच का?"

चौकशीत राखणदाराने इमारतीच्या ठेकेदाराच्या मुकादमाचे नाव सांगितले. दोघांवर डांबून ठेवल्याचा गुन्हा दाखल झाला. दुसऱ्या दिवशी म्हातारा दवाखान्यातून थेट गाळ्यात आला. कमिशनर पोचले तेव्हा तो गिऱ्हाइकाला घोंगडी उलगडून दाखवत होता.

काम थांबलेली जागा आपण रिकामी समजतो. ती रिकामी नसते. आत कोणी बघणार नाही, हे ओळखणारे तिथे आधी पोचतात. मासे पाळणाऱ्याला आतली वाट सापडली, मुकादमाला सापडली. तीन तक्रारी हातात असताना मी मात्र त्या पत्र्यांच्या आत एकदाही पाऊल टाकले नव्हते. सुटकेबद्दल वरिष्ठांनी माझा सत्कार केला. मी तो मान खाली न घालता स्वीकारला, याची आज लाज वाटते.