रंभाची फाईल आणि माझा टोप

माझ्या पत्र्याच्या पेटीत अजून केसांचे तीन टोप आहेत. एके काळी जत्रांमधल्या नाटकांत मी नायिका होत असे. मिशी उतरवून, टोप चढवून मी पडद्याआडून आलो की मागच्या रांगेतला हमालसुद्धा पटका सावरून बसायचा. म्हणून माझ्या शेजारणीला, रंभाला, मी म्हणायचो, "बये, नाव तुझं, पण रंभा व्हायचो मी." ती खळखळून हसायची.

रंभा दौंडातल्या एका खाजगी दवाखान्यात रेकॉर्ड रूम सांभाळायची. पेशंट घरी गेला की त्याची फाईल तिच्या टेबलावर येई आणि ती प्रत्येक आजारापुढं अक्षर-आकड्यांचा ठरलेला कोड टाकी. तिचा एक नियम मोठा कडक. डॉक्टरांनी लिहिलं नाही ते आपल्या मनानं घालायचं नाही, आणि आजाराचं कारण लिहायचं राहिलं असेल तर फाईल परत पाठवायची. तरुण डॉक्टर तिला पाठीमागं 'हेडबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. नवऱ्यानं टाकल्यापासून ती भावाकडे, हौसरावकडे, रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होती. माझं घर भिंतीला भिंत लागून.

दोन हजार तीन साली तिच्या छातीत गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, डोक्यावरचे केस गेले. दुसऱ्या डोसानंतर ताप असा भडकला की तिला तिच्याच दवाखान्यात भरती करावं लागलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली आल्या होत्या. त्यातून ती उठली, तोंडाला फडकं बांधून कामावर गेली, तर टेबलावर तिचीच फाईल. आजाराच्या जागी लिहिलेलं, 'ताप व अशक्तपणा'. केमोचं नाव नाही. घरी सोडताना दिलेल्या कार्डावरही तेच.

ती तडक डॉक्टरांकडे गेली. ते ओशाळून म्हणाले, "तुमचे बंधूच म्हणाले, साधंच लिहा. घरात लग्नाचं चाललंय."

हौसरावची मुलगी भाग्यश्री. तिला शिरूरचं स्थळ आलं होतं, आणि मुलाचे मामा पोपटराव त्याच दवाखान्यात एक्स-रे काढत. त्यांच्यापासून कुठली फाईल लपणार?

त्या संध्याकाळी बहीणभावाची जुंपली. भिंत पातळ, मला सगळं ऐकू येत होतं.

"रंभे, अशक्तपणा एवढंच ऱ्हाऊ दे की. पोरीचं जमलं की मग काय लिवायचं ते लिव."

"दादा, पुण्याचा डॉक्टर हेच कार्ड बघून पुढचा डोस देणार. मागल्या औषधानं माझ्या पेशी पाडल्या हे त्याला कळलंच न्हाई, तर तो तसाच डोस चढवंल. मग पोरीच्या लग्नाला मी भिंतीवर आसंन. हार घालून."

"आगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. लोकांच्या तोंडाला माझ्याकडं कोड न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांकडून फाईल आणि कार्ड दोन्हींवर कारण लिहून घेतलं, खाली सही घेतली. मग खुर्ची ओढून स्वतःच्या हातानं कोड टाकले. पेशी पडल्याचा डी सत्तर, आणि त्या केमोनं पडल्या म्हणून त्याच्या जोडीला वाय त्रेचाळीस.

हौसराव माझ्याकडे आला. "आप्पा, फाईल तर हातची गेली. तिचं डोकं तरी झाका. एक टोप द्या."

मी सगळ्यात देखणा टोप काढला, भांग पाडला, अंबाडा बसवला. रंभानं आरशात मान डावीउजवीकडे केली. "झकास हो आप्पा! दुसरेपणाला चांगलं स्थळ येईल." मग तो अलगद काढून माझ्या मांडीवर ठेवला. "पण न्हाई. मी काय चोरी केलीय?"

शिरूरची मंडळी जीपनं आली. जयभीम झाला, पोहे झाले. रंभानं माझ्या घरी बसायचं असं हौसरावनं ठरवलं होतं. भाग्यश्री मात्र चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. "आधी आत्याला बोलवा. तिला लपवायचं आन् मला दाखवायचं, हे न्हाई चालणार."

रंभा आली. उघडं डोकं, तोंडाला फडकं, ताठ मान. उभ्या जन्मात मी रंगमंचावर तसा आलो नाही.

मुलाची आई चपापली. "ह्यांना काय झालंय?"

"छातीचा कॅन्सर," रंभा खिडकीपाशी खुर्ची ओढत म्हणाली. "केमोनं केस गेले, पेशी पडल्या. मामांनी फाईल बघितलीच आसंल."

पोपटराव पोह्यातले शेंगदाणे निवडू लागले. "म्हंजी... अशीच समोर आली व्हती."

"मग सांगा की, खरंच लिवलंय ना?"

"व्हय. खरंच हाय," मामा पुटपुटले.

आठवड्यानं पोपटराव निरोप घेऊन आले. मुलगी पसंत आहे, फक्त लग्नात आत्यानं मागं बसावं.

भाग्यश्री आतून ओरडली, "मग नवऱ्यालाबी मागंच बसवा!"

मी हसलो. हौसराव हसला नाही. तो बराच वेळ सायकलच्या चाकात हवा भरत राहिला. मग पंप बाजूला ठेवून म्हणाला, "पोपटराव, न्हाई जमायचं. चहा घेऊन जावा."

पुढच्या डोसाच्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि कार्ड खिशात घालून बहिणीबरोबर पॅसेंजर धरली. पुण्याला आत शिरताच त्यानं ते डॉक्टरांपुढं ठेवलं. "सायेब, आधी हे वाचा." डॉक्टरांनी वाचलं, रक्त तपासलं आणि डोस आठवडाभर पुढं ढकलला. पेशी वाढवायची इंजेक्शनं लिहून दिली.

संध्याकाळी मी दौंड स्टेशनवर गेलो. हौसराव लांबूनच ओरडला, "आप्पा, आज डोस दिलाच न्हाई!" एखादं इनाम जिंकल्यासारखा. रंभा मागून उघड्या डोक्यानं येत होती. फलाटावर कुणी वळून पाहिलं की तीच थांबून विचारी, "काय पाव्हणं, ओळखलं का?"