सिंकच्या अंगावरचे वळ

माझ्या सिंकचा खून दुपारी व्हायचा होता. मारेकरी सुनेनं शोधला होता: करंजाड्याचा प्लंबर. सकाळी येऊन तो आपला घण ओट्याखाली ठेवून गेला. "जेवून येतो आजी, मग फोडून टाकतो," म्हणाला. एखाद्यानं नारळ फोडतो म्हणावं तसं.

"त्याला तडे गेलेत, आई," सून म्हणाली. "आणि तडा गेलेलं भांडं घरात ठेवायचं नाही, हे तुम्हीच सांगता."

सांगते खरी. गेल्याच महिन्यात तिचा आवडता मग कानाशी केसाएवढा तडकला, तर तो मी तिच्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात हाणला होता. तेव्हा ती गप्प राहिली. मला वाटलं, शहाणी आहे. कसली शहाणी, डाव धरून बसली होती!

सिंक पांढऱ्या चिनी मातीचं, म्हशीएवढं जड. आमचं लग्न नवं होतं तेव्हा यजमानांनी कळंबोलीच्या भंगारवाल्याकडून आणलेलं. नळाखाली गंजाचा लाल ओघळ, आणि तळभर काळ्या रेघा. त्या रेघांनाच सून तडे म्हणत होती. ते तडे नव्हते. वळ होते, आणि मारणारी मी होते.

काय नग होते मी तेव्हा! साताऱ्याकडून आलेली, सासूबाईंसमोर तोंडातून ब्र निघायचा नाही. मग सगळा राग भांड्यांवर. जर्मनचं पातेलं, म्हणजे आपलं अॅल्युमिनियमचं, उचलायचं आणि दाणकन सिंकात आपटायचं. हे सासूबाईंच्या टोमण्याला. हे नवऱ्याच्या गप्प बसण्याला. हे उगीचच. त्यातही धाडस किती, तर बाहेर ट्रकचा हॉर्न वाजायची वाट बघायची आणि त्याच क्षणी आपटायचं, म्हणजे आवाज कुणाचा ते कळू नये. स्वतःला मोठी रणरागिणी समजायचे. बाहेरच्या खोलीतून सासूबाई विचारायच्या, "भांडी घासतेस की गाडीचे पत्रे ठोकतेस गं?" की रणरागिणी लगेच म्हणणार, "हात निसटला, आई."

पातेल्याचा धातू चिनी मातीवर उतरतो, पेन्सिल उतरते तसा. ते मला पुढे कधीतरी कळलं. पुसायला मात्र सवड झाली नव्हती. आता झाली.

गरम पाण्यात लिंबूसत्त्व कालवलं, जुनं पातळ भिजवून सिंकच्या तळाला लपेटलं आणि वर पाटा ठेवून दाबून धरलं. जीव गुदमरू दे म्हटलं. गंज आधी शरण आला. चिंधी ओढली तर ती रक्तानं भरल्यासारखी लाल. मग सोड्याचा लगदा घेऊन रेघांवर तुटून पडले. एकेका रेघेचा गळा धरून घासलं. नखं तुटली, बोट चिरलं, त्यात लिंबूसत्त्व गेलं तेव्हा तोंडातून अशी शिवी निघाली की शेजारीण दारात आली.

"काय झालं, काकू?"

"काही नाही. मारामारी चाललीय. तू जा."

सून ऑफिसचा फोन कानाला लावून दारात उभी. "आई, बास करा. हाताची सालं निघतील."

"निघू देत. तुझ्या तड्यांची निघताहेत ते बघ."

रेघा एकामागून एक मेल्या. खालून दुधासारखा पांढरा तळ निघाला. तेवढ्यात प्लंबर आला. मी म्हटलं, "मडकं घेताना वाजवून बघतोस ना? तसं हे वाजव. बद्द आवाज आला तर फोड."

त्यानं घणाच्या दांड्यानं टोला हाणला. टण्ण! दुसरीकडे हाणला. टण्ण! चारी कोपरे हाणले. देवळातली घंटा परवडली.

"मॅडम, एकदम ठणठणीत हाय हो," तो सुनेला म्हणाला.

सुनेनं फोन बंद केला. मग अशी ओरडली की पातेली थरथरली. "ठणठणीत असू दे! मला नकोय ते! सगळा ओटा खाऊन बसलंय. पाच वर्षं अंगावर पाणी उडतं म्हणून मी पोटावर फडकं बांधून भांडी विसळतेय. मला माझं सिंक हवंय!"

हॉर्नबिर्न काही नाही. थेट तोंडावर.

"हे आधी बोलायचं की," मी म्हटलं. "तडे कशाला काढत बसलीस?"

"तुम्ही ऐकणार होतात?"

"नसते ऐकलं."

प्लंबर घण घेऊन ताटकळत होता. "मॅडम, आजी... फोडू का काय करू?"

"ओटा फोड," मी म्हटलं. "सिंकला ओरखडा आला तर तुला फोडीन."

दोन तास घरात दंगल. फरशीचे तुकडे भिंतींवर आदळत होते, धुळीनं सुनेचे केस माझ्याहून पांढरे झाले. सिंक अखेर आख्खं निघालं. तिनं एक बाजू धरली, मी आणि प्लंबरनं दुसरी, आणि एकमेकींना शिव्या घालत ते मागच्या बाल्कनीत नेलं. तिथला नळ आता माझा. स्वयंपाकघरात तिचं स्टीलचं आलंय, ताटलीएवढं. त्यात कढई मावत नाही. ती धुवायला सूनबाई माझ्याकडे येते, आणि मी तिला परवानगी मागायला लावते.